जोड्यांनी तुलना करून काढलेले भारांक: सोसायटीच्या पुनर्विकासातला एक पेच

तळमजला

आमची सोसायटी २४ सदनिकांची आणि तीन मजल्यांची असून, इमारतीने पन्नाशी गाठत आणल्यामुळे पुनर्विकासाला पर्याय उरलेला नाही. निविदा मागवल्यावर तीन विकासकांचे प्रस्ताव आले आहेत. त्यांना येथे अ, ब आणि क म्हणतो. अ वाढीव कार्पेट क्षेत्र ४२ टक्के देतो आणि प्रत्येक घरास ३ लाख रुपये कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी रोख रक्कम) देतो. ब ४० टक्के क्षेत्र व ६ लाख देतो, तर क ३८ टक्के क्षेत्र व १२ लाख देतो. पूर्वीच्या कामांच्या बाबतीत ब सर्वांत भक्कम आहे, अ मध्यम आहे, आणि क चा एक प्रकल्प भोगवटा प्रमाणपत्राविना बरीच वर्षे रखडलेला आहे. पर्यायी घराचे भाडे आम्ही निविदेतच ठरवून दिलेले असल्यामुळे तिघांचे सारखे आहे, म्हणून तो निकष आम्ही यादीतून काढून टाकला.

आमच्या प्रकल्प सल्लागाराकडील तरुण अभियंत्याने असे सुचवले की वाद घालत बसण्यापेक्षा ए.एच.पी. (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस) पद्धतीने निकषांचे भारांक, म्हणजे कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे ते आकडे, काढावेत. दोन-दोन निकष समोर ठेवायचे, त्यांपैकी कोणता किती पट महत्त्वाचा हे १ ते ९ या मापात सांगायचे, आणि भारांक संगणकाने काढून द्यायचे, असे तिचे स्वरूप त्याने सांगितले. पाच जणांची समिती तीन संध्याकाळी बसली, दर संध्याकाळी एक जोडी घेतली, आणि जे हजर होते त्यांनी बहुमताने आकडा लिहिला. विश्वासार्हता (म्हणजे पूर्वीची कामे) क्षेत्रापेक्षा ३ पट, क्षेत्र कॉर्पसपेक्षा ३ पट, आणि कॉर्पस विश्वासार्हतेपेक्षा ३ पट, अशी नोंद झाली. भारांक तिन्ही निकषांना ०.३३ असे समसमान आले आणि समितीला फार आनंद झाला, कारण कोणाचेच मन मोडले नव्हते. मात्र खाली ‘सुसंगतता गुणोत्तर १.१५’ असा आकडा लाल रंगात दिसतो आहे, आणि तो ०.१० च्या आत असावा लागतो असे अभियंता म्हणतो. भारांक इतके नीटस आले असताना चुकले कोठे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोजपट्टी

तळमजला यांस,

आपले तीन आकडे एका ओळीत वाचून पाहा. विश्वासार्हता क्षेत्राच्या वर आहे, क्षेत्र कॉर्पसच्या वर आहे, आणि कॉर्पस पुन्हा विश्वासार्हतेच्या वर आहे. हे पूर्ण वर्तुळ झाले. प्रत्येक निकष एकाला हरवतो आणि एकाकडून हरतो, म्हणून सरासरी काढताना सगळे एकमेकांना छेदून जातात आणि १ : १ : १ उरते. तिन्ही निकष खरोखर समान असते तर आपण तिन्ही जोड्यांत १ लिहिले असते आणि भारांक हेच आले असते. उत्तर तेच असूनही या दोन सारण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते भारांकांत दिसत नाही. दिसते ते फक्त त्या लाल आकड्यात.

तो आकडा कसा येतो, हेही सांगतो. ही पद्धत गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत मांडली. त्यांचा मूळ गणिती लेख १९७७ चा आणि पुस्तक १९८० चे. सारणीत कर्णावर १ असतात आणि कर्णाच्या वर ३ लिहिला तर खाली त्याचा व्यस्त १/३ येतो. उत्तरे पूर्णपणे सुसंगत असतील, म्हणजे पहिला दुसऱ्याच्या दुप्पट, दुसरा तिसऱ्याच्या तिप्पट आणि पहिला तिसऱ्याच्या बरोबर सहापट असेल, तर त्या सारणीचे सर्वांत मोठे आयगेन मूल्य (सारणीतून गणिताने निघणारा एक आकडा) निकषांच्या संख्येइतकेच येते. विसंगती जितकी अधिक, तितके ते मूल्य वर सरकते. आपल्या सारणीत ते १ + ३ + १/३, म्हणजे ४.३३ येते. त्यातून ३ वजा करून २ ने भागले की ०.६७ मिळतात. आकडे नुसते उधळून भरलेल्या तीन निकषांच्या सारण्यांत हाच निर्देशांक सरासरी ०.५८ येतो असे साटी यांनी धरले आहे. ०.६७ भागिले ०.५८ बरोबर १.१५. म्हणजे, राग मानू नये, पण फासे टाकून सारणी भरली असती तरी सरासरीने ती याहून थोडी अधिक सुसंगत निघाली असती.

यात समितीतील कोणा एकाच्या विचारांचा दोष असेलच असे मात्र नाही. प्रत्येक सभासदाचा क्रम आपापल्या जागी निर्दोष असूनही बहुमताचे वर्तुळ होऊ शकते, हे फ्रान्समध्ये गणितज्ञ काँदोर्से यांनी १७८५ मध्येच दाखवले आहे. शिवाय आपल्याकडे दर संध्याकाळी हजर असलेली माणसेही वेगळी होती. म्हणून प्रत्येकाकडून तिन्ही जोड्या एकाच बैठकीत स्वतंत्रपणे भरून घ्याव्यात आणि नंतर एकत्र कराव्यात. एकत्र करताना भूमितीय मध्य (आकड्यांचा गुणाकार करून, जितके आकडे तितके मूळ) घ्यावा, साधी सरासरी घेऊ नये. एकाने ३ लिहिले आणि दुसऱ्याने १/३ लिहिले, तर साधी सरासरी १.६७ येते. उलट बाजूने पाहिले तरीही १.६७ च येते, म्हणजे दोन्ही निकष एकमेकांपेक्षा महत्त्वाचे ठरतात. भूमितीय मध्य १ येतो आणि हा विनोद टळतो.

रेघोटी

मी सरकारी निविदा शाखेतून निवृत्त झाले आहे. गणित मोजपट्टी यांच्याकडे सोपवते, पण एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. आमच्याकडे सल्लागार नेमताना गुणवत्ता ७० आणि किंमत ३० किंवा ८० आणि २० असे भारांक असत, आणि ते निविदेच्या कागदातच छापलेले असत. पाकिटे उघडल्यानंतर भारांक ठरवणे म्हणजे विजेता ठरवून मग शर्यतीचे अंतर ठरवणे होय. आपले प्रस्ताव आधीच उघडलेले आहेत. कोणता विकासक काय देतो हे ठाऊक असलेला माणूस ‘कॉर्पस किती महत्त्वाचा’ या प्रश्नाला निष्पक्ष उत्तर देईल, यावर माझा विश्वास नाही.

तळमजला

सर्वांचे आभार. मोजपट्टी यांच्या सूचनेप्रमाणे पाचही जणांनी काल एकाच बैठकीत आपापली सारणी भरली. चौघांची ठीक आली. पाचवे आमचे निवृत्त शिक्षक आहेत आणि सर्वांत काळजीपूर्वक त्यांनीच भरले होते. विश्वासार्हता क्षेत्राच्या ५ पट, क्षेत्र कॉर्पसच्या ५ पट, आणि विश्वासार्हता कॉर्पसच्या ९ पट, कारण ९ च्या वर आकडाच नाही. त्यांचे गुणोत्तर ०.१०१ आले आणि संगणकाने ते नापास केले. गुरुजी अत्यंत नाराज आहेत.

मोजपट्टी

गुरुजींची नाराजी रास्त आहे. पाच गुणिले पाच पंचवीस होतात आणि पट्टी ९ ला संपते. पट्टीच्या आत राहून त्यांनी दिलेले उत्तर शक्य तितके खरे होते, तरीही ते मर्यादेबाहेर गेले. हा दोष पट्टीचा आहे. पहिल्या दोन तुलनांत ५ हा आकडा शब्दशः ‘पाचपट’ या अर्थाने होता की ‘बराच जास्त’ या अर्थाने, एवढेच त्यांना विचारावे. बहुतेक लोक दुसऱ्या अर्थाने लिहितात आणि विचारल्यावर ५ चे ३ करतात. ०.१० ही काही दगडावरची रेघ नव्हे. गुणोत्तर खाली आणण्यासाठी मनात नसलेले आकडे लिहिणे हे विसंगतीपेक्षा वाईट आहे.

पाणाडी

हे शेवटचे वाक्य चौकटीत लावून ठेवावे असे आहे. मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी कोठे मुरेल याचे नकाशे करताना उतार, भूरूप, भेगांची घनता, ओढ्यांची घनता, माती, जमिनीचा वापर, पाऊस असे थर घेतात आणि त्यांचे भारांक याच पद्धतीने काढतात. सात थर घेतले की २१ तुलना होतात आणि दहा घेतले की ४५. पंचेचाळीस तुलना मनापासून करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पदव्युत्तर प्रबंध तपासताना सुसंगतता गुणोत्तर ०.०१ दिसले की माझ्या मनात पहिली शंका हीच येते की आधीच्या एखाद्या निबंधातले भारांक उचलले आणि त्यांवरून सारणी उलटी भरली. विहिरींच्या पाणीपातळीशी नकाशा ताडून पाहिला आहे का, हे मी त्या आकड्याआधी विचारतो. तळमजला यांच्या प्रकरणात अशी विहीर नाही, ही त्यांची खरी अडचण आहे.

मोजपट्टी

पाणाडी यांनी विहिरीचा मुद्दा काढला ते बरे झाले, कारण मला जे मुळात सांगायचे होते ते आता सांगता येईल. सुसंगतता गुणोत्तर फक्त एवढेच सांगते की उत्तरे एकमेकांशी जुळतात. प्रश्न बरोबर विचारला होता की नाही, याबद्दल ते मौन पाळते. आणि ‘क्षेत्र कॉर्पसपेक्षा किती पट महत्त्वाचे’ हा प्रश्न, माझ्या मते, उत्तर देण्याजोगा प्रश्नच नाही.

तळमजला यांनी पहिल्या पत्रात एक गोष्ट अगदी अचूक केली होती आणि तिच्याकडे त्यांचेही लक्ष गेलेले दिसत नाही. त्यांनी भाडे हा निकष काढून टाकला. भाडे महत्त्वाचे नाही म्हणून काढला का? मुळीच नाही, दोन-तीन वर्षे दुसरीकडे राहायचे तर भाड्यावर घर चालते. तिघांचे भाडे सारखे असल्यामुळे निवडीत त्याचा उपयोग नाही, म्हणून काढला. म्हणजे तेथे त्यांनी भाड्याचे महत्त्व तोलले नाही, भाड्यातला फरक तोलला, आणि तो शून्य निघाला. मग तोच न्याय क्षेत्राला का लावू नये? तिघांच्या प्रस्तावांत क्षेत्र ३८ पासून ४२ टक्क्यांपर्यंत जाते. सध्याचे घर ६०० चौरस फुटांचे धरले तर हा फरक २४ चौरस फुटांचा झाला. दर १५,००० रुपये धरला तर ३ लाख ६० हजारांचा झाला. कॉर्पस ३ लाखांपासून १२ लाखांपर्यंत जातो, म्हणजे फरक ९ लाखांचा. बाजारभावाने पाहिले तर पणाला लागलेला कॉर्पस पणाला लागलेल्या क्षेत्राच्या अडीचपट आहे. आणि आपल्या समितीने काय लिहिले? क्षेत्र कॉर्पसच्या ३ पट. त्यांनी मनात ‘घर मोठे हवे’ आणि ‘रोख रक्कम हवी’ या दोन इच्छांची तुलना केली. समोरच्या प्रस्तावांतील २४ चौरस फूट आणि ९ लाख यांची तुलना झालीच नाही.

म्हणून जोडी समोर ठेवताना प्रश्न असा विचारावा: दोन्ही निकषांत तुम्ही सर्वांत वाईट प्रस्तावावर उभे आहात, एकाच निकषात सर्वांत चांगल्या प्रस्तावापर्यंत उडी मारता येणार असेल तर कोणती उडी घ्याल, आणि ती दुसरीच्या किती पट मोलाची वाटते? याला स्विंग पद्धत म्हणतात. जोड्यांची सारणी, भूमितीय मध्य, सुसंगतता गुणोत्तर हे सर्व तसेच ठेवता येते. बदलतो तो फक्त प्रश्न.

रेघोटी

माझ्या आक्षेपाला हे उत्तर नाही, उलट आक्षेप अधिक गडद झाला आहे. आपण सांगता ती तुलना प्रस्ताव उघडल्याखेरीज करताच येणार नाही. पाच जणांच्या समितीत कोणाचा भाचा कोणत्या विकासकाकडे काम करतो हे मला ठाऊक नाही, आणि भारांक आधी छापण्याची रीत नेमकी त्या भाच्यासाठीच आहे.

मोजपट्टी

भाच्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण ७० : ३० च्या रीतीकडेही एकदा नीट पाहावे. त्यात सर्वांत कमी किमतीला १०० गुण मिळतात आणि इतरांना त्या प्रमाणात कमी. सर्व किमती दोन टक्क्यांच्या आत आल्या तर किमतीच्या गुणांत जास्तीत जास्त दोनांचा फरक पडतो, आणि ३० टक्के भारांकाने तो ०.६ गुणावर येतो. कागदावर किंमत ३० टक्के आहे, प्रत्यक्षात तिला काहीच किंमत उरलेली नाही. किमती दुपटीने पसरल्या तर तोच ३० टक्के भारांक निकाल फिरवू शकतो. आधी छापलेला आकडा स्थिर राहतो, त्याचा अर्थ मात्र पाकिटे उघडल्यावरच ठरतो. दोन्ही साधायचे असेल तर निविदेतच पल्ला छापावा: कॉर्पस २ ते १५ लाख, क्षेत्र ३० ते ४५ टक्के, असे, आणि त्या पल्ल्यांवर भारांक आधी ठरवावेत. तळमजला यांच्यासाठी ती वेळ गेली, हे मान्य करतो.

रेघोटी

पल्ला आधी छापण्याची सूचना मला मान्य आहे. आमच्या काळी हे कोणी सांगितले असते तर काही नस्त्या लवकर बंद झाल्या असत्या. तळमजला यांनी निदान एवढे करावे की प्रत्येकाची सारणी स्वाक्षरीसह इतिवृत्ताला जोडावी. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे विकासकाची निवड विशेष सर्वसाधारण सभेत सभासदांनीच करायची आहे, एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्के मतांनी. समितीचा भारांक ही केवळ शिफारस राहते.

दूरदेशी

मी ॲमस्टरडॅममध्ये पुरवठादार निवडण्याच्या कामात ही पद्धत वापरतो, म्हणून एक सावधगिरी सांगतो. चौथा विकासक उशिरा आला तर काय होते, ते आधी पाहून ठेवा. बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्ये दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. समान भारांकाचे तीन निकष; पहिला पर्याय अनुक्रमे १, ९, ८, दुसरा ९, १, ९ आणि तिसरा १, १, १ या प्रमाणात. साटींच्या मूळ रीतीने प्रत्येक स्तंभाची बेरीज १ केली की पहिल्याला ०.४५, दुसऱ्याला ०.४७ आणि तिसऱ्याला ०.०८ मिळतात, दुसरा जिंकतो. आता दुसऱ्याची हुबेहूब नक्कल असलेला चौथा पर्याय आणा. पहिल्याला ०.३७ मिळतात, दुसऱ्याला आणि त्याच्या नकलेला प्रत्येकी ०.२९. कोणाच्याही गुणवत्तेत तसूभर फरक पडलेला नाही आणि विजेता बदलला, कारण बेरीज १ ठेवण्यासाठी दुसऱ्याचे गुण त्याच्या नकलेत वाटले गेले. चलाख विकासकाने दुसऱ्या नावाने आणखी एक प्रस्ताव टाकण्याची ही चांगली सोय आहे. प्रत्येक निकषात सर्वोत्तमाला १ देऊन इतरांना त्याच्या प्रमाणात मोजले, तर या उदाहरणातला उलटफेर होत नाही.

पाणाडी यांना एक पुस्ती: निकष जास्त असतील तर सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट निकष आधी निवडून फक्त त्या दोघांशी इतरांची तुलना करण्याची रीत जाफर रझाई यांनी २०१५ मध्ये दिली. दहा निकषांना ४५ ऐवजी १७ तुलना पुरतात.

पाणाडी

सतरा तुलना मनापासून करणारा माणूस कदाचित सापडेल. आभार.

तळमजला

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. मोजपट्टी यांचा प्रश्न आम्ही मोठ्या अक्षरांत छापून पाचही जणांना दिला. विश्वासार्हतेच्या उडीचा अर्थ सुरुवातीला कोणालाच लागेना. शेवटी गुरुजींनी तो असा मांडला: क चा हात सोडून ब चा हात धरण्यासाठी तुमच्या घराने किती लाख सोडावेत? मग आकडे भराभर आले. पाच जणांचे भूमितीय मध्य, थोडे जवळच्या सोप्या आकड्यांत आणून, असे: विश्वासार्हतेची उडी कॉर्पसच्या उडीच्या २ पट, कॉर्पसची क्षेत्राच्या २.५ पट, आणि विश्वासार्हतेची क्षेत्राच्या ४ पट. भारांक विश्वासार्हता ०.५६, कॉर्पस ०.३०, क्षेत्र ०.१३ आले आणि सुसंगतता गुणोत्तर ०.००५. पाणाडी यांना शंका येऊ नये म्हणून सांगतो की सारण्या उलट्या भरलेल्या नाहीत. पाचही कागद स्वाक्षरीसह माझ्याकडे आहेत.

प्रत्येक निकषात सर्वांत वाईट प्रस्तावाला ० आणि सर्वांत चांगल्याला १ धरून गुण दिले. ब ला ०.७३, अ ला ०.४१ आणि क ला ०.३० मिळाले. गंमत अशी की आमच्या त्या पहिल्या, वर्तुळात फिरणाऱ्या समसमान भारांकांनी हेच गुण मोजले तरीही ब च पहिला येतो. अभियंता म्हणाला, मग एवढा खटाटोप कशाला? खटाटोप कामी आला तो सभासदांच्या अनौपचारिक बैठकीत. कॉर्पसच्या बाजूचे लोक विचारू लागले की आमच्या मताला महत्त्व किती दिले. तेव्हा उलटा हिशेब करून दाखवता आला: इतर दोघांचे आपसातले प्रमाण तसेच ठेवून कॉर्पसचा भारांक ०.३० वरून ०.५८ च्या पुढे नेला, तरच क वर येतो. म्हणजे एकट्या कॉर्पसला बाकी दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त मानावे लागते. हे ऐकून बरेच जण शांत झाले.

दोघे झाले नाहीत. दोघेही निवृत्तिवेतनाविना राहणारे वृद्ध आहेत. त्यांनी तेथेच बसून आपापली सारणी भरली, आणि त्यांचा कॉर्पसचा भारांक ०.६० च्या वर गेला. सुसंगतता दोघांचीही निर्दोष होती. एकाने मला सांगितले की इमारत पूर्ण होईपर्यंत आपण असू की नाही हे ठाऊक नाही, बारा लाख मात्र आज कळतात. रेघोटी यांच्या सल्ल्याप्रमाणे त्या दोन सारण्याही इतिवृत्ताला जोडल्या आहेत. ब कडून ज्येष्ठांना कॉर्पसचा मोठा हिस्सा पहिल्याच टप्प्यात मिळेल का, अशी विचारणा समितीने लेखी केली असून उत्तर यायचे आहे. विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे.

रेघोटी

ती विचारणा तिन्ही विकासकांना एकाच दिवशी पाठवावी, फक्त ब ला नव्हे.

तळमजला

हे सुचले नव्हते. उद्याच उरलेल्या दोघांना पाठवतो आणि ब ला नवी तारीख कळवतो.